कानाला कळणारा काळ



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा आग्रह असे की विज्ञान मराठीतून सांगता आलं पाहिजे आणि ते ऐकून घरी जाणाऱ्याला त्याचा उपयोग झाला पाहिजे. या दोन्ही कसोट्या समोर ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे.

कान तपासणं हा माझा व्यवसाय. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं समोर बसली की एक वाक्य हमखास येतं : ‘ऐकू येतं हो डॉक्टर, पण शब्द कळत नाहीत.’ शेजारी बसलेला मुलगा किंवा सून लगेच सांगते, ‘आम्ही ओरडून ओरडून बोलतो, तरी ह्यांचं आपलं काय, काय चालूच.’ घरच्यांना वाटतं की वयामुळे लक्ष राहत नाही, किंवा हवं तेवढंच ऐकतात. माझ्या मते त्या ज्येष्ठांचं वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं अचूक असतं. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, पण आवाजातलं वेळेचं बारीक विणकाम पोचत नाही. हे विणकाम कान कसं टिपतो, मेंदू त्यातून अर्थ कसा उभा करतो आणि ते उसवलं तर आपण काय करायचं, हे मला आज सांगायचं आहे.

चित्र समोर आलं की सगळं एकदम दिसतं. आवाजाचं तसं नाही. ‘नमस्कार’ या शब्दातला ‘र’ कानावर पडतो तेव्हा त्यातला ‘न’ हवेतून केव्हाच गेलेला असतो. अख्खा शब्द जगात कुठेही एका क्षणी हजर नसतो. तो पुरा होतो तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. म्हणूनच ऐकणं म्हणजे नुकतंच गेलेलं धरून ठेवणं आणि येणार असलेल्याची चाहूल घेणं.

साडेतीन सेंटिमीटरचा पडदा

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो कानाच्या पडद्याला हलवतो, पडदा हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांना हलवतो, आणि रिकिबीची हालचाल अंतर्कर्णातल्या द्रवात उतरते. अंतर्कर्णाच्या या भागाला कॉक्लिया म्हणतात. अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आत लांबीभर एक पडदा आहे. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ मध्ये मांडलं की या पडद्याचा प्रत्येक भाग आपापल्या सुराला प्रतिसाद देतो. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं की पडद्यावरून लाट धावते आणि सुराप्रमाणे वेगवेगळ्या जागी तिची उंची सर्वाधिक होते. त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी ही मांडणी आहे : रिकिबीजवळच्या टोकाला तार सप्तकातले उंच सूर, आतल्या टोकाला खर्ज.

पण पट्टी कोणती दाबली गेली एवढंच कान सांगत नाही. ती नेमकी केव्हा दाबली गेली, हेही तो सांगतो, आणि ते अतिशय काटेकोरपणे. एका कानात कंपनं टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आतल्या केशपेशी असतात. त्यांच्याकडून सुमारे ३०,००० मज्जातंतू मेंदूकडे जातात. सेकंदाला २०० कंपनांचा सूर आला की हे तंतू कंपनाच्या ठरावीक टप्प्यावरच संदेश सोडतात. कंपनं वेगवान असतील तर एकेका तंतूला प्रत्येक कंपन गाठणं जमत नाही. तो मधली काही सोडून देतो, पण ती दुसरे तंतू पकडतात. मिळून सगळ्यांच्या संदेशांत सुराची लय जशीच्या तशी उतरते. सेकंदाला चार-पाच हजार कंपनांपर्यंत सूर आणि संदेश यांची ही जोडी टिकते.

याचा पुरावा आपण रोज अनुभवत आलो आहोत. घरातल्या जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच पट्टा पलीकडे जाई. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून येतच नसे. तरीही फोनवर भाऊ बायकी आवाजात बोलतोय असं कुणाला कधी वाटलं नाही. वरच्या सुरांची आवर्तनं ज्या अंतरानं एकत्र येतात, त्या अंतरावरून मेंदू गाळला गेलेला मूळ सूर भरून काढतो. जे कानात शिरलंच नाही ते आपण ऐकतो.

डोळ्याशी तुलना केली तर ही अचूकता ध्यानात येते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, एकेक चित्र सुमारे ४२ मिलिसेकंद टिकतं, आणि डोळ्याला ती सलग हालचाल वाटते. याउलट, सलग खरखरीत दोन-तीन मिलिसेकंदांचा खंड पडला, तरी तरुण निरोगी कानाला तो जाणवतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

दोन कानांमधलं अंतर

आता त्याहून सूक्ष्म हिशेब पाहू. तुमच्या उजवीकडे कुणी टाळी वाजवली, तर ती उजव्या कानाला आधी पोचते. डाव्या कानापर्यंत जायला तिला डोक्याला वळसा घालावा लागतो. अगदी थेट बाजूनं आलेल्या आवाजालाही हा उशीर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो. आणि समोरच्या दिशेला माणूस सुमारे १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरक ओळखू शकतो. एका मज्जातंतूचा एक संदेशच सुमारे एक मिलिसेकंद चालतो. संदेशाच्या लांबीच्या शंभराव्या हिश्श्याइतका फरक हिशेबात घेणारी ही यंत्रणा आहे. तिच्यासाठी मस्तिष्कस्तंभात मज्जापेशींमधले काही खास जोड तयार झालेले आहेत. संदेश रेंगाळू नये म्हणून ते एवढे मोठे आहेत की सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या सर्वांत मोठ्या जोडांत त्यांची गणना होते.

हे सभागृह पाहा. माझा आवाज थेट तुमच्याकडे येतो आणि भिंती, छत, फरशी यांवर आपटूनही येतो. म्हणजे एकच शब्द तुम्हाला वेगवेगळ्या दिशांनी अनेकदा ऐकू येतो. तरीही तुम्हाला वाटतं, व्यासपीठावरून एकच माणूस बोलतोय. १९४९ मध्ये अमेरिकेत वॉलाख, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत हेल्मुट हास यांनी, या गोष्टीचा अभ्यास मांडला. पहिल्यांदा आलेला आवाज दिशा ठरवतो, आणि त्यानंतर तीस-चाळीस मिलिसेकंदांत आलेले पडसाद मेंदू त्यातच मिसळून टाकतो. त्याहून उशिरा आलेला पडसाद वेगळा पडतो. विजापूरच्या गोलघुमटात आपण जाऊन आलेले असालच. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जात वाजवलेली टाळी समोर जाऊन परत यायची तर ७६ मीटर झाले, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. तेवढा उशीर मेंदू पोटात घालत नाही, म्हणून तिथे पडसाद एकामागून एक मोजता येतात.

काल, खाल, गाल, घाल

आता मराठीकडे येऊ. ‘काल’, ‘खाल’, ‘गाल’, ‘घाल’ हे चार शब्द सावकाश म्हणून पाहा. चारही शब्दांत जीभ टाळूला एकाच जागी टेकते आणि सुटते. मग त्यांत फरक कशाचा? मुख्यतः वेळेचा. जीभ सुटणं आणि कंठातले स्वरतंतू थरथरू लागणं, या दोन घटनांमध्ये ‘क’ म्हणताना सुमारे वीस-तीस मिलिसेकंद जातात. ‘ख’ म्हणताना मध्ये श्वासाचा झोत येतो आणि हे अंतर ऐंशीच्या आसपास पोचतं. ‘ग’ म्हणताना स्वरतंतू जीभ सुटण्याच्या आधीच थरथरत असतात. ‘काल’ आणि ‘खाल’ यांतलं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाएवढं आहे, आणि आपलं मूल शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी ते बिनचूक ओळखतं.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतल्या व्यंजनांसाठी हा कालावधी मोजून प्रसिद्ध केला. ध्वनिशास्त्रातला तो पायाभूत निबंध मानला जातो, आणि त्या अकरा भाषांत मराठी होती. बहुतेक भाषांतली व्यंजनं या एका मापावर नीट वेगळी झाली. मराठी आणि हिंदीपाशी मात्र ते माप अपुरं पडलं. ‘ग’ आणि ‘घ’ यांत स्वरतंतू आधीपासूनच थरथरत असतात, त्यामुळे नुसत्या सुरुवातीच्या वेळेवरून ते वेगळे काढता येईनात. ‘घ’ची ओळख जीभ सुटल्यानंतर येणाऱ्या श्वासमिश्रित, घोगऱ्या आवाजात आहे. मराठी कानाला म्हणून आधीची वेळ आणि नंतरचा पोत, दोन्ही टिपावे लागतात. ‘क, ख, ग, घ’ ही बाराखडीआधीची ओळ आपण सहज घोकतो. तिच्या मागे एवढी कारागिरी आहे.

बोलण्यात वेळेला किती महत्त्व आहे, याचा लख्ख पुरावा १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी बोलण्यातले सुरांचे बारकावे जवळजवळ सगळे काढून टाकले. आवाजाचे तीन-चार ढोबळ पट्टे केले, प्रत्येक पट्ट्यात नुसती खरखर ठेवली आणि त्या खरखरीचा चढउतार मात्र मूळ बोलण्याच्या तालावर चालू दिला. थोड्या सरावानंतर ऐकणाऱ्यांना शांत खोलीत वाक्यंच्या वाक्यं कळली. जन्मतः बहिऱ्या बाळाच्या कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट याच कारणामुळे उपयोगी पडतं. हजारो केशपेशींचं काम तिथे वीस-बावीस इलेक्ट्रोडवर भागवावं लागतं. सूर भरड होतो, पण बोलण्यातला वेळ पोचतो आणि मूल भाषा शिकतं.

मागे वळून ऐकणं

कान वेळ टिपतो, मेंदू ती जुळवतो. ही जुळवाजुळव किती धीट असते ते रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये दाखवलं. ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार त्यांनी कापून काढला आणि तेवढ्याच जागेत खोकला भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कुठे होता, हेही त्यांना सांगता येईना. पुढच्या प्रयोगांत तर गाळलेला उच्चार कोणता, हे वाक्यात नंतर येणाऱ्या शब्दावरून ठरलं. मराठीत समजा, खोकल्यानंतर आपल्याला ‘...आल’ एवढंच ऐकू आलं. पुढे ‘फार पाऊस झाला’ आलं तर आपण ‘काल’ ऐकतो, ‘सुजलाय’ आलं तर ‘गाल’ ऐकतो. तर्क करून शोधलेला शब्द असा तो वाटत नाही; तो कानानंच ऐकला अशी आपली खात्री असते. म्हणजे पुढचं आल्याशिवाय मेंदू मागचं पक्कं करत नाही.

मागे वळून पाहणारा हा मेंदू पुढेही पाहतो. इश्तवान विंकलर, हेंकयान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना तालवाद्याचा ठेका ऐकवला आणि मधूनच पहिला ठोका गाळला. त्या क्षणी बाळांच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखात खळबळ उमटली. यायला हवा होता तो ठोका आला नाही, हे जन्मून दोन दिवस झालेल्या मेंदूला कळलं.

मैफलीत आपण हेच सुख घेतो. विलंबित एकतालात कधी कधी एका मात्रेला चार-चार सेकंद लागतात, बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटावर जातं. दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे दोन सेकंदांच्या पुढे गेलं की माणसाला त्यात लय लागत नाही, ते सुटे ठोके होतात, असं मानसशास्त्रातले प्रयोग सांगतात. मग विलंबितातली लय कशी टिकते? तबलजी ती टिकवतो. ‘धिं धिं धागे तिरकिट’ या बोलांतच पाहा : ‘धागे’ मात्रेचे दोन भाग करतं, ‘तिरकिट’ चार. बाकीच्या मात्राही वादक हलक्या बोलांनी भरत जातो. चार सेकंदांचं अंतर असं एकेका सेकंदाच्या आवाक्यात येतं. दोन सेकंदांची मर्यादा कुणी मोजण्याच्या कितीतरी आधी आपल्या कलावंतांनी ती कानानं ओळखली आणि तिच्यावर उपाय शोधला, याचा मला फार अभिमान वाटतो. गायक मुखडा घेऊन समेवर येतो तेव्हा सगळ्या सभागृहाची मान एकदम हलते. सम ऐकून हललेली ती मान नसते. ऐकून मग हलायचं तर सेकंदाचा निदान सातवा-आठवा हिस्सा उशीर झाला असता. प्रत्येक श्रोता समेपर्यंत आधीच पोचलेला असतो.

विणकाम उसवतं तेव्हा

आता त्या ज्येष्ठांच्या तक्रारीकडे जाऊ. वय वाढतं तशा उंच सुरांच्या केशपेशी आधी जातात. स्वर जोरकस आणि लांब असतात, ते पोचतात. क, त, स, ख यांसारखी व्यंजनं क्षीण आणि क्षणिक असतात, ती निसटतात. भरीला मेंदूकडे जाणारे तंतू कमी झाले की उरलेल्या संदेशांची वेळ विसकटते. बॉस्टनमध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत झाली. पण आत पाहिलं तर उंच सुरांच्या भागात केशपेशी आणि तंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे जोड कायमचे तुटले होते. माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या कानांतही केशपेशी शाबूत आणि तंतू मात्र विरळ, असं चित्र आढळलं आहे. आपली नेहमीची चाचणी शांत खोलीत, एकेक सूर ऐकवून होते. तिच्यात हे नुकसान दिसत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, चार माणसं एकदम बोलत असताना ते दिसतं. म्हणून चाचणी चांगली आली तरी तक्रार खोटी ठरवू नका.

यातून चार गोष्टी निघतात, त्या मी कळकळीनं सांगतो.

पहिली, घरातली. ज्येष्ठांशी बोलताना ओरडू नका. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. समोर बसा, टीव्ही बंद करा, सावकाश बोला आणि वाक्यावाक्यात थोडं थांबा. त्यांच्या मेंदूला मागचं जुळवायला जो अवधी लागतो, तो तुमच्या थांबण्यातून मिळतो. श्रवणयंत्राची गरज असेल तर टाळाटाळ करू नका. मध्यम वयातलं दुर्लक्षित बहिरेपण पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ पासून सातत्यानं नोंदवलं आहे.

दुसरी, नवजात बाळाची. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत कानाची तपासणी करून घ्या. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं की निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. तो टिपणारी चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, दुखत नाही. ही घाई आवश्यक आहे, कारण मेंदूचंही वेळापत्रक असतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजीभाषक घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक ओळखतं, आणि वर्षाचं होईतो ती ओळख मावळते, कारण त्या घरात त्याची गरज नसते. ज्या बाळाला काहीच ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत मावळणारी गोष्ट किती मोठी असेल याचा विचार करा.

तिसरी, सभागृहं आणि शाळा बांधणाऱ्यांसाठी. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह झालं आणि तिथे कुणालाच वक्ता कळेना. वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकानं रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मोजमापं घेतली. रिकाम्या खोलीत आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. आपण सेकंदाला पाचेक अक्षरं बोलतो, म्हणजे पंचवीसहून अधिक अक्षरं एकमेकांवर साचत होती. गुळगुळीत फरशी, काच आणि उघड्या भिंती यांनी आपण आज तशाच वर्गखोल्या बांधतो आहोत. पडदे, सच्छिद्र छत आणि भिंतींवर मऊ आवरण यांचा खर्च ध्वनिक्षेपकाच्या खर्चाहून अधिक उपयोगी आहे.

चौथी गोष्ट मिरवणुकांची. कानाचं नुकसान आवाजाच्या पातळीवर आणि अवधीवर, दोन्हींवर ठरतं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे आपली मुलं तासन्‌तास नाचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. ही बंधनं उत्सवाच्या विरोधात नाहीत. ती कान जपण्यासाठी आहेत, कारण सस्तन प्राण्याच्या कानातली गेलेली केशपेशी परत उगवत नाही. वीस वर्षांच्या मुलाचे आज तुटलेले जोड त्याला साठीत जाणवतील, तेव्हा तोही माझ्यासारख्या कुणाच्या तरी समोर बसून तेच वाक्य म्हणेल.

आपण कुणाचं ऐकतो तेव्हा त्याला आपला वेळ देतो, असं सहज म्हटलं जातं. शरीरशास्त्र सांगतं की यात अलंकार काहीच नाही. वेळ टिपण्याची ही क्षमता प्रत्येकाला एकदाच मिळते. ती जपण्याची जबाबदारी आपल्या मंडळांची, आपल्या शाळांची आणि आपल्या घरांची आहे, आणि ती घ्यायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.